गाणं बंद करायला भिणारा गुंडा

गुंडाचं नाव ऐकून माणसं आधी दचकायची आणि मग त्याला बघून हसायची. आज्ज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून बारशाला त्याच्या कानात हे नाव सांगितलं गेलं. वारणाकाठच्या त्या गावात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. तिथं आळीला एक तरी गुंडा सापडायचाच. पण पुढं तो सांगलीत आला, 'डीजे गुंडा' म्हणून पोस्टरवर झळकायला लागला, आणि लोकांची गैरसमजूत व्हायला लागली. गळ्यात साखळ्या घातलेला कुणी दांडगा गडी येणार म्हणून वाट बघावी, आणि गाडीतून उतरावा एक किडमिडीत माणूस. डोक्याला माकडटोपी, आणि खाली पाय टाकण्याआधी आसपास कुत्रं आहे का ते बघणारा.

कुत्र्यालाच नाही, तो लिफ्टलाही भ्यायचा. रात्री फोन वाजला की उचलण्याआधी त्याचा घसा कोरडा पडायचा. घाटात खिडकीशेजारी बसायचा नाही. त्याची आई बयाबाई म्हणायची, "माझं लेकरू पोटात असल्यापास्नं दचकतंय. आता मोठं झालंय म्हून काय थांबंल व्हय?" बायको संयोगिता सैनिकाच्या घरातली, वडील अण्णा फौजेतले. तिच्या माहेरी भीती हा शब्द तोंडातून काढायची चोरी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, विश्रामबागेतल्या भाड्याच्या खोलीत, मध्यरात्री मांजरानं पातेलं पाडलं तेव्हा नवरा आपल्याआधी पांघरुणात शिरला हे तिनं पाहिलं. तिनं उठून मांजर हाकललं, पातेलं उचललं आणि त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. त्या न बोलण्यावर गुंडाचा जीव जडला.

असा माणूस रात्र रात्र दारू प्यालेल्या शेकडो लोकांसमोर उभा कसा राहत होता, हे पुष्कळांना कोडं वाटे. खरं तर तो उभा राहत होता तोही भीतीपोटीच.

विशीच्या आत असताना तो चुलतभाऊ अर्जुनाच्या साउंडवर मदतीला जायचा. एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. पोरं रंगात आली होती. तेवढ्यात कुणी म्हातारं माणूस येऊन ओरडलं म्हणून अर्जुनानं ऐन भरात गाणं बंद केलं. क्षणभर सगळं गप्प झालं. मग कुणाचा तरी धक्का कुणाला लागला, कुणी तरी कुणाच्या आईवरून बोललं, आणि मांडवाच्या बांबूंनी हाणामारी सुरू झाली. गुंडा साउंडच्या टेम्पोखाली शिरला. चाकाच्या आडून त्याला नुसते पाय दिसत होते. जे पाय घटकेपूर्वी एका तालात पडत होते, तेच पाय आता खाली पडलेल्या एका पोराच्या बरगड्यांत बसत होते. पोरगं वाचलं, पण अर्जुनानं तो धंदा सोडला.

गुंडानं मात्र त्यातून एक गोष्ट मनाशी धरली. गाणं चालू आहे तोवर माणसं बरी असतात. बंद पडलं की त्यांना एकमेकांची तोंडं दिसतात. तेव्हापासून तो गाणं असं कधी तोडायचा नाही. पहिला तास तो नुसता माणसं गोळा करण्यात घालवी. मग हळूहळू त्यांना वर चढवी, तिथं खेळवी, आणि पहाटेकडं झोपाळ्यावरून पोर उतरवावं तसं एकेकाला खाली आणी. शेवटचं गाणं संपायच्या आधीच निम्मी माणसं भिंतीला टेकून बसलेली असत. लोक त्याला कला म्हणत. सहा-सहा तास एकटा वाजवतो म्हणून त्याचं नाव झालं. ही सगळी टेम्पोखाली बसलेल्या पोराची करामत आहे, हे फक्त संयोगिताला ठाऊक होतं.

मग दिवस पालटले. रात्री दहानंतर उघड्यावर मोठा आवाज चालेना. तेव्हा डोंगरावर हेडफोनच्या पार्ट्या निघाल्या. यात स्पीकर नसतो. प्रत्येकाच्या कानावर बिनतारी हेडफोन, त्याला एक निळा दिवा, आणि डीजे वाजवेल ते थेट कानात. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही ऐकू येत नाही. साताऱ्याचा विश्वजित महाबळेश्वराकडं अशा पार्ट्या भरवायचा. यंदाच्या थंडीत त्यानं नवीन नियम काढला. एकट्यानं रात्रभर वाजवायचं नाही. तिघांनी पाळीपाळीनं, एकेक तास.

त्या शनिवारी विश्वजितच्याच गाडीतून ते मेढ्याच्या बाजूनं वर चढत होते. मागच्या सीटवर मधोमध गुंडा, कारण त्याला दरी बघवत नसे. एका बाजूला साताऱ्याचा अनीश, दुसऱ्या बाजूला वाईची सई. दोघंही त्याच्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान.

"गुंडादादा, राग मानू नका," अनीश म्हणाला, "पण तासाच्या वर आता कुणी कुणाचं ऐकून घेत नाही. यायचं, आग लावायची, उतरायचं."

"तासाभरात माणूस नुसता अंग सैल करतंय रं. नाचायला कुठं लागतंय अजून?"

"आणि तुम्ही रात्रभर वाजवणार, मग आम्ही कधी वाजवायचं? तुम्हाला ताप आला की?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं. आपल्या सहा तासांखाली किती पोरं नुसती केबल गुंडाळत राहिली, हा विचार गुंडाच्या मनात यापूर्वी कधी आलाच नव्हता.

सई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी पुण्यात एकदा पाच तासांचा सेट ऐकला. तिसऱ्या तासाला जिन्यात जाऊन वडापाव खाल्ला."

"कट्टाळलीस?"

"नाही हो, छान वाजवत होता. भूक लागली होती."

विश्वजित पुढून हसला. गाडीनं वळण घेतलं आणि गुंडानं डोळे मिटून घेतले.

शेत स्ट्रॉबेरीचं होतं. वरच्या अंगाला वाफ्यांच्या पायऱ्या आणि त्यापलीकडं काळं जंगल. खालच्या अंगाला हिरवळीचा सपाट तुकडा, तिथं नाचायचं. हिरवळीच्या टोकाला डीजेचं टेबल, आणि टेबलामागं पंधरा-वीस पावलांवर फळं भरायची लांबलचक पत्र्याची शेड. म्हणजे नाचणाऱ्यांची तोंडं टेबलाकडं आणि पाठ जंगलाकडं. राखणीला तात्याबा नावाचा मिशाळ गडी होता. हातात घुंगुरकाठी. त्याला बघून गुंडाला बरं वाटलं. निदान एक माणूस तरी न भिणारा आहे म्हणून.

पहिली पाळी गुंडाची. लोक जेवत होते, येत होते, हेडफोन घालून बघत होते. त्यांचं अंग जरा कुठं हलायला लागलं तोच तास भरला. मग अनीशनं आग लावली. मग सईनं लोकांना त्या आगीच्याही वर नेलं. पुन्हा गुंडा आला तेव्हा माणसं इतकी वर चढलेली होती की त्याला त्यांना थोपवता येईना, आणि उतरवायला वेळ नव्हता. त्यानं नुसतं सांभाळलं आणि अनीशच्या हवाली केलं. प्रत्येकाला आपला तास टोकावर संपवायचा होता. मध्यरात्र उलटली तसे लोकांचे डोळे गुंडाला बरे दिसेनात. दोघं जण एकमेकांना छातीनं ढकलत होते आणि हसतही होते. त्यातलं हसणं किती आणि ढकलणं किती ते कळत नव्हतं.

तो टेबलामागं खुर्ची टाकून बसला. धुकं खाली उतरलं होतं. थंडीनं कान दुखत होते म्हणून त्यानं हेडफोन काढून माकडटोपी ओढली, आणि मग त्याला ते ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. दीड-दोनशे माणसं बेभान नाचत होती आणि आवाज होता तो फक्त गवतावर घासणाऱ्या पायांचा. धापा. कापडाची सळसळ. मधूनच कुणी तरी एकटंच बेसूर गाऊन उठायचं आणि गप्प व्हायचं. धुक्यात शरीरं दिसत नव्हती, नुसते निळे ठिपके खालीवर होत होते. मेलेल्या माणसांच्या जत्रेत आपण एकटेच जिवंत बसलोय असं त्याला वाटलं. हेडफोन परत घालावा म्हणून त्यानं हात पुढं केला.

तेवढ्यात त्याला त्या निळ्या ठिपक्यांच्या मागं आणखी दोन ठिपके दिसले. ते निळे नव्हते. हिरवट होते. आणि हलत नव्हते.

नाचणाऱ्यांच्या डोक्यांच्याही वर, वाफ्याच्या बांधावर, ते दोन डोळे जागच्या जागी होते. मग धुक्याचा एक पदर सरकला आणि त्याखालचं सगळं दिसलं. काळाभोर डोंगर. खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, आत वळलेली शिंगं, आणि पायांत मोजे घातल्यासारखे गुडघ्यापर्यंत पांढरे पाय. गवा. शेवटच्या नाचणाऱ्या माणसापासून तो फार तर एका टेम्पोच्या लांबीवर उभा होता.

गुंडानं शेजारी उभ्या असलेल्या तात्याबाच्या दंडाला धरून नुसतं बोट दाखवलं.

तात्याबानं बघितलं. "आगायायाया..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एकटाच हाय. कळपातला परवडला गड्या, एकटा लय वाईट." आणि गुंडा काही बोलायच्या आत त्यानं काठी टाकली, शेडच्या बाजूला पाण्याची टाकी होती तिच्या शिडीवरून तो सरसर वर चढला आणि दिसेनासा झाला.

गुंडाला त्याचा राग आला नाही. शिडीवर आणखी एक जागा असती तर तोही गेला असता. त्याचे पाय तिकडं वळलेसुद्धा होते. पण शिडीखाली सई उभी होती. पाण्याची बाटली हातात, तोंड त्याच्याकडं, आणि तिनंही आत्ताच तेच पाहिलं होतं. ती त्याच्याकडं असं बघत होती की जणू काय करायचं ते त्याला माहीत असणार.

तो टेबलाशी गेला. अनीश मान हलवत, डोळे मिटून वाजवत होता. गुंडानं त्याच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला. "अनीश, वराडू नकोस. म्होरं बघ. बांधावर."

अनीशनं बघितलं. त्याचा हात सरळ बंद करायच्या बटणाकडं गेला. गुंडानं तो मनगटात धरला.

"सोडा! लोकांना सांगायला नको?"

"सांगितलंस की काय हुईल? निम्मी किंचाळत पळतील. निम्मी मोबाइल काडून, बत्ती लावून त्याच्याकडंच जातील. नुसतं बंद जरी केलंस तरी कालवा करतील. आत्ता त्याला माणसांचा आवाज न्हाई, म्हून ते थांबलंय."

"मग काय करायचं?"

"मला न्हाई ठावं," गुंडा म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. "पर बंद करू नगंस."

अनीशनं एकदा त्याच्याकडं, एकदा बांधाकडं बघितलं आणि टेबलापासून मागं सरला. त्याचा तास अजून संपला नव्हता.

गुंडानं हेडफोन घातला. कानात अनीशचं गाणं सुसाट धावत होतं. एवढ्या वेगातल्या माणसांना एकदम थांबवलं तर ती चिडतात, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. त्यानं त्या गाण्याखाली दुसरं गाणं सरकवलं, थोडं जड, थोडं सावकाश. मग त्याखाली तिसरं. इतर वेळी ज्या कामाला त्याचा पाऊण तास जायचा, ते त्याला आता चार-पाच गाण्यांत करायचं होतं. प्रत्येक वेळी वेग किंचित उतरवायचा, आणि कुणाला कळू द्यायचं नाही. त्याचं सगळं लक्ष बोटांकडं आणि डोळे त्या हिरवट ठिपक्यांकडं. मधेच ठिपके विझले. मग धुक्यातून फुस्स करून जोराचा श्वास आला. तो त्याला हेडफोनवरूनही ऐकू आला, की नुसता भास झाला, देव जाणे. ठिपके पुन्हा पेटले. पहिल्यापेक्षा खाली होते. जनावर बांधावरून हिरवळीत उतरलं होतं.

सईनं तोवर दिव्यांचा माणूस गाठून दिवे हळूहळू मंद करायला लावले होते. विश्वजितला तिनंच शेडचं दार उघडायला पाठवलं. मग ती गुंडाजवळ आली आणि त्याच्या कानाशी पुटपुटली, "दादा, आगगाडी करू या. लहानपणीची. मी पुढं होते."

गुंडानं माइक हातात घेतला. आवाज फुटेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. फुटला तो इतका हळू, की लोकांना वाटलं मुद्दामच तसा काढलाय.

"आता सगळ्यांनी... डोळं मिटायचं. म्होरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. कुणी बोलायचं न्हाई. जो बोलंल तो डावातनं बाद. गाडी निघाली... हळू... लय हळू."

सईनं पहिल्या पोरीचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि शेडकडं पाऊल टाकलं. एकामागून एक निळे ठिपके रांगेत लागले. मिटल्या डोळ्यांनी, ओठांवर हसू घेऊन ती माणसं गुंडाच्या शेजारून शेडकडं जात होती. त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपल्या पाठीमागं एक हत्तीएवढं जनावर मान खाली घालून गवत हुंगत येत आहे. त्यांच्या गालांवर थंडीनं लाली आली होती. ती सगळी त्याला लहान मुलं वाटली. त्यांची आता जबाबदारी आपली, हा विचार त्याच्या मनात आला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त घाबरला.

रांग सरली. हिरवळीवर एक ठिपका उरला.

कुणी एक जण गवतात फतकल मारून बसला होता. डोळे मिटायचे सोडून तो मागं वळून बघत होता. मग त्याचा हात खिशात गेला आणि मोबाइलचा पडदा उजळला.

"दादा," गुंडा माइकमध्ये म्हणाला. शेडमधल्या सगळ्यांना ते ऐकू जात होतं याची त्याला जाणीव होती. "गाडी सुटली, तुमी राहिलाय. मोबाइल खिशात ठेवा. ठेवा की वो. तुमच्या पाया पडतो."

शेडमधून दबकी हसाहस आली. गव्यानं मान वर केली. त्याच्या नाकातून निघालेली वाफ त्या पडद्याच्या उजेडात पांढरी दिसली. त्याचा एक पाय उचलला गेला आणि जमिनीवर आपटला. गुंडाला तो हादरा टेबलाच्या फळीतून हाताला जाणवला. तो माणूस थिजला होता. बहुधा त्याची दारू त्याच क्षणी उतरली असावी. गुंडानं गाणं आणखी खाली नेलं, इतकं खाली की नुसती एक संथ थाप उरली, आणि त्या थापेवर तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही. सई सांगते, तो एवढंच म्हणत होता, "एक पाय मागं. आता दुसरा. आता थांबा. घाई न्हाई, रात लय मोठी हाय." मोबाइल विझला. तो माणूस गुडघ्यांवर, रांगत, मागंमागं सरकत टेबलापाशी आला, तिथून अनीशनं त्याला काखेत धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

आता बाहेर गुंडा होता, टेबल होतं आणि गवा.

त्यालाही आत जाता आलं असतं. पण सगळ्या तारा टेबलाला, आणि टेबल बाहेर. तो हलला की आतलं गाणं बंद. पत्र्याच्या बंद खोलीत दीड-दोनशे माणसं एकदम शुद्धीवर येणार, दार बडवणार, बाहेर काय आहे ते बघायला धावणार. टेम्पोखालून दिसलेले पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. तो तिथंच राहिला आणि एकामागून एक गाणी लावत राहिला. त्याची पँट ओली झाली होती. कधी झाली ते त्याला कळलं नव्हतं. गार वारा लागला तेव्हा कळलं.

गवा गेला नाही. त्यानं वाफ्यातल्या पाण्याच्या नळीला तोंड लावलं, काही रोपं उपटून खाल्ली, आणि मग हिरवळीच्या मधोमध, जिथं मघाशी माणसं नाचत होती तिथं, पाय दुमडून बसला. रवंथ करू लागला. मधेच तो जबडा थांबवून टेबलाकडं बघायचा. त्या प्रत्येक वेळी गुंडा श्वास रोखून धरी आणि मनातल्या मनात बयाबाईला हाका मारी.

कितीतरी वेळानं त्याची बोटं ऐकेनाशी झाली. थंडीनं की भीतीनं, ती इतकी थरथरत होती की एक गाणं दुसऱ्यावर आदळलं. आत गलका उठला. गवा उठून उभा राहिला. गुंडाला वाटलं, संपलं.

तेवढ्यात टेबलाच्या खालच्या बाजूनं एक हात वर आला. सई दार किलकिलं करून गुडघ्यांवर सरपटत आली होती. "दादा, तुम्ही खाली बसा. मी घेते."

"आगं, आत जा..."

"बसा म्हणते ना."

तो टेबलाखाली बसला. गुडघे पोटाशी घेऊन, टेम्पोखाली बसला होता तसाच. पण या वेळी वर गाणं बंद पडलं नाही. सईनं तुटलेली थाप अलगद उचलली, तशीच पुढं नेली. आपलं काही त्यात घातलं नाही, वर चढवलं नाही. हेडफोनमधून ऐकताना गुंडाला कळेना, की कुठं आपण संपलो आणि कुठं ही सुरू झाली. आतला गलका निवला. गवा बराच वेळ उभा राहिला आणि पुन्हा बसला. सई पुष्कळ वेळ वाजवत होती. टेबलाखालून गुंडाला तिचे बूट दिसत होते. डाव्या पायाची टाच सारखी कापत होती. म्हणजे ही पण भीत होती. ते बघून त्याला जरा धीर आला, आणि मग थोड्या वेळानं तो उठून पुन्हा उभा राहिला.

अनीश रात्रभर शेडच्या दाराला आतून पाठ लावून उभा होता. बाहेर धुकं फार आहे, उरलेली पार्टी आतच, असं तो ज्याला त्याला सांगत राहिला. त्यानंच वनखात्याला फोन लावला. ती माणसं उजाडता उजाडता आली आणि शेताच्या खालीच थांबली. उजेड फुटला तसा गवा उठला, अंग झाडलं आणि कुठं घाई नसल्यासारखा बांध चढून जंगलात गेला. तोवर शेडमधली बरीच माणसं क्रेटला टेकून झोपली होती. गुंडानं शेवटचं गाणं बारीक बारीक करत नेलं. ते केव्हा संपलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

वनखात्याच्या माणसाला त्यानं विचारलं, "सायब, गाणं बंद केलं असतं तर त्यानं काय केलं असतं?"

"कुणी सांगावं?" तो म्हणाला. "कदाचित काहीच नाही."

सांगलीला परतल्यावर गुंडा तीन आठवडे घराबाहेर पडला नाही. रात्री दिवा मालवू देईना. संयोगितानं पहिल्या दिवशी त्याची पँट न बोलता धुऊन टाकली. चौथ्या-पाचव्या रात्री त्यानं आपण होऊन तिला सगळं सांगितलं, टाकीच्या शिडीकडं वळलेल्या पायांसकट. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आमच्या अण्णांचे पण वळले असणार कधी तरी. त्यांनी सांगितलं नाही, इतकंच."

मग विश्वजितचा फोन आला. गोष्ट षट्कर्णी झाली होती. त्यानं पोस्टरसुद्धा बनवलं होतं: गव्याची शिंगं, आणि खाली 'गुंडा : पूर्ण रात्र, एकटा'. एक तासाचा नियम त्यानं गुंडापुरता मागं घेतला होता.

"एकटा नव्हतो मी," गुंडा म्हणाला. "मधी सईनं वाजवलं. मी टेबलाखाली बसलोतो."

"ते कुणाला माहीत आहे, दादा?"

"मला माहीत हाय की."

पोस्टर निघालं नाही. डोंगरावर परत जायला गुंडानं साफ नकार दिला, आणि विश्वजितनं तोंड वाकडं करून का होईना, साताऱ्यात एका बंद हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. किती तास हवेत म्हणून त्यानं विचारलं. गुंडाला आकडा सांगता येईना. आपल्यानंतर सई असावी आणि दोघांनी अर्धा तास एकत्र उभं राहावं, एवढंच त्यानं मागितलं. अनीशला ते पटलं नाही. त्यानं आपला तास घेतला, आग लावली, आणि उतरला. तोही वाईट वाजवत नव्हता, हे गुंडानं त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

सईच्या हाती गाणं देऊन तो निघाला तेव्हा हॉल भरलेला होता. कार्यक्रम अर्ध्यावर सोडून जायची त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. कराडपर्यंत तो गाडीत सारखा मागं वळून बघत होता. विश्रामबागेत पोचला तेव्हा सगळी गल्ली झोपलेली होती. संयोगितानं दार उघडलं आणि त्याला बघून तिचाच चेहरा उतरला.

"एवढ्या लवकर? काय झालं? भांडणं लागली का?"

"न्हाई. माझं वाजवून झालं."

"मग तिकडं?"

"चालू हाय तिकडं."

तो हातपाय धुऊन आडवा झाला, पण त्याचा डोळा लागेना. शेवटी उठून त्यानं सईला फोन लावला. दोन-तीनदा वाजून गेला, कुणी उचलला नाही. मग तिचाच फोन आला. मागून लोकांचा आणि गाण्याचा गजर ऐकू येत होता.

"चालू हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"चालू आहे, दादा. झोपा आता."

त्यानं फोन उशाशी ठेवला आणि दिवा मालवायला संयोगिताला सांगितलं. अंधारात तो बराच वेळ छताकडं बघत पडून होता.